टीव्हीची पाठ

३ जून, मंगळवार

चौकीतल्या समुपदेशक बाईंनी सांगितलं, राग आला की लिहा. हात उचलण्याआधी पेन उचला, असं त्यांचं म्हणणं. बाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. मी मार्केट यार्डात चाळीस वर्षं काढली, आधी पाठीवर पोती वाहिली, मग स्वतःच्या गाळ्यावर उभा राहून कांद्याचे लिलाव केले, माझा आवाज गेटापर्यंत जायचा, आणि आता सहासष्टाव्या वर्षी मला वही-पेन. पण त्यांच्याकडे माझ्या नावाची फाइल आहे, म्हणून हो म्हणालो. एका बियाणे कंपनीने दिलेली डायरी घरात पडून होती, तीत लिहितो आहे.

मी दत्तोबा. राहणार आंबेगाव, जे पूर्वी गाव होतं आणि आता पुणे आहे असं महापालिका म्हणते. माझी बायको तुळजाबाई एकोणीस मेपासून मुलीकडे, शेफालीकडे गेली आहे, मंडईमागे. तिच्या उजव्या मनगटाला प्लास्टर आहे. टीव्ही पडला तेव्हा हात मधे आला. तक्रारीत वेगळंच लिहिलं आहे, पण ती तक्रार आमचे जावई राकेशराव यांनी लिहिली. ते बँकेत आहेत, त्यांना अर्ज लिहायला आवडतं.

खरं तर तो टीव्ही कधीतरी जाणारच होता. तुळजाला रोज संध्याकाळी त्याच्या पाठीवर ओलं फडकं फिरवायची खोड. यंत्राला कोणी पाणी लावतं का?

आता रणजितने, माझ्या मुलाने, नवा टीव्ही आणला आहे. घरात आम्ही दोघेच. गाळाही आता तोच पाहतो. त्याची बायको पूर्वा दिवाळीपासून माहेरी आहे. आजकालच्या मुलींना काही सोसत नाही.

तुळजा परत यावी असं वाटतं का, हे बाईंनी विचारलं होतं. तिथे मी उत्तर दिलं नाही. इथे देतो. यावी. घर खायला उठतं. टीव्ही नीट सुरू झाला की येईलही, तिला त्याच्याशिवाय करमत नाही.

५ जून, गुरुवार

तीन तास टीव्ही सुरू करतो आहे.

मधला, मोडला तो, रणजितने लावून दिला होता; त्याआधीच्या आमच्या डबा-टीव्हीला एक खटका होता. दाबला की चित्र. या नव्याला खटका नाही, त्याला आधी वायफाय पाहिजे, मग अटी मान्य पाहिजेत, मग तो स्वतःलाच सुधारत बसतो. अडतीस टक्क्यांवर अर्धा तास. मी गाळ्यावर अशा माणसाला दुसऱ्या दिवशी ठेवला नसता.

मग रिमोटवरचं माइकचं बटण दाबून बोला म्हणाला. मी म्हणालो, बातम्या. तो म्हणाला, मला समजलं नाही, कृपया पुन्हा सांगा. मी मोठ्याने सांगितलं. पुन्हा तेच. बाईचा आवाज आहे त्याला, आणि शांत. मी ओरडतो आहे आणि समोरचं माणूस शांतपणे उलट बोलतं आहे, हे मला आयुष्यात सहन झालेलं नाही. पाचव्या वेळी शेजाऱ्यांनी भिंतीवर ठोकलं. मी रिमोट फेकला. शोकेसची काच गेली.

हात उचलला नाही, हे नमूद करतो. फेकण्याबद्दल बाई काही बोलल्या नव्हत्या.

८ जून, रविवार

रणजितने वायफायवाला बोलावला. मच्छिंद्र नावाचा, पस्तिशीचा, कानात यंत्र खुपसलेला. त्याने चार बटणं दाबली आणि पडद्यावर प्रश्न आला, कोण पाहतंय? खाली चार गोल. रणजित, शेफाली, बच्चेकंपनी, आई.

मी विचारलं, माझा गोल कुठे आहे. मोबाइल नंबर माझा, पासवर्डचे मेसेज माझ्या फोनवर येतात, आणि घरात मीच नाही? मच्छिंद्र म्हणाला, ‘‘काका, तुमचा कुणी बनवलाच न्हाय.’’ आणि हसला. मी त्याची कॉलर धरून त्याला भिंतीला टेकवला. रणजितने सोडवलं. जाताना मच्छिंद्र म्हणाला की पुन्हा या घरी येणार नाही. नको येऊस.

मग मी ‘आई’ दाबलं. कोणीतरी पाहिजेच ना.

आत एक ओळ होती, पाहणे सुरू ठेवा. तुळजाने अर्धवट सोडलेल्या गोष्टी. अकरा होत्या. प्रत्येक चित्राखाली बारीक लाल रेघ, कुठे अर्ध्यावर थांबलेली, कुठे शेवटाला बोटभर कमी. एकही पुरी नाही. बाईचा स्वभावच धरसोडीचा.

९ जून, सोमवार

दुपारी पुन्हा ते अकरा पाहिले. नऊ खुनाचे आहेत. बेचाळीस वर्षांच्या संसारात हिला खून आवडतात हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं ही देवाधर्माचं पाहते.

आणि पाहायची कधी, हेही कोडंच. मी गाळ्यावरून सातला घरी यायचो तेव्हा टीव्ही नेहमी बंद आणि ही ओट्यापाशी. मी बूट काढायच्या आधी टीव्हीच्या पाठीला हात लावायचो. डबा-टीव्ही होता तेव्हापासूनची सवय, मुलं लहान होती, परीक्षा असायच्या. गरम लागला की दिवसभर काय चाललं होतं ते कळायचं, आणि मग मी बोलायचो, आणि कधी कधी बोलण्यावर भागायचं नाही. पण अलीकडे चार-पाच वर्षं पाठ गारच असायची. मला वाटलं सुधारली.

तर ते असो. मी ठरवलं आहे, तिच्या या अर्धवट गोष्टी मी पुऱ्या करणार. आली की शेवट सांगेन. खानावळीच्या मालिकेपासून सुरुवात केली. चिपळूणकडे एक बाई खानावळ चालवते, आणि तिच्याकडे जेवून गेलेली माणसं मरतात. तुळजा सतराव्या भागात थांबली आहे. मी पहिल्यापासून सुरू केली, पण रात्री, मोबाइलवर, रणजितच्या गोलातून. तिच्या गोलातली रेघ हलवायची नाही.

१२ जून, गुरुवार

आज विलक्षण झालं. सकाळी तिचा गोल उघडला तर रेघ पुढे गेलेली. सतरावा भाग पुरा, अठरावा पुरा, एकोणिसावा पुरा. मला वाटलं यंत्र बिघडलं. रणजित म्हणाला, ‘‘आबा, शेफालीच्या टीव्हीवर तेच खातं हाय. आई बघत असंल तिकडं.’’

म्हणजे मी इथे बसून तुळजाला पाहू शकतो. ती दिसत नाही, पण रेघ दिसते. दुपारी दोनला वीस मिनिटं होती, तीनला भाग संपला. मधे एकदा थांबली, चहा ठेवला असणार. मग पुन्हा सुरू.

मला भरून आलं. लिहायला लाज वाटते पण आलं. महिनाभर शेफाली माझा फोन घेत नाही, आणि इथे ही रेघ पुढे सरकते.

संध्याकाळी सातलाही सरकत होती. ते मात्र खटकलं.

१६ जून, सोमवार

मी पंचविसाव्या भागावर पोहोचलो. ती तिसाव्यावर. दोन दिवसांत गाठेन. आज मोठ्या पडद्यावर लावायला गेलो तर सूचना आली की तुमचं खातं दुसऱ्या ठिकाणी वापरात आहे, तुमच्या प्लॅनमध्ये एका वेळी एकच पडदा. खाली दोन बटणं. थांबा. किंवा, दुसरा पडदा बंद करा.

अंगठा दुसऱ्या बटणावर होता. खातं माझ्या नंबरवर, घर माझं, आणि मी थांबायचं? पण थांबलो. सोफ्यावर बसून राहिलो, चाळीस मिनिटं, काळ्या पडद्यासमोर. ती तिकडे पाहत होती आणि मी इकडे तिच्यासाठी थांबलो होतो. असं मी पूर्वी कधी केलं असेल तर आठवत नाही.

समुपदेशक बाईंना फोन करून हे सांगितलं. त्या म्हणाल्या, छान, पण तिकडे जाऊ नका. कोण जातंय?

१९ जून, गुरुवार

चूक झाली, किंवा झाली नाही, मला ठरवता येत नाही.

सकाळपासून तीच सूचना. दुसरा पडदा. दहाला तीच, बाराला तीच. मालिका दाखवणाऱ्या त्या कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला. एक दाबा, चार दाबा, आमचे सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत, मधे बासरी. पन्नास मिनिटांनी एक मुलगा आला आणि म्हणाला, सर, तुम्ही मोठा प्लॅन घ्या. मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही. तो म्हणाला, सर, हा कॉल रेकॉर्ड होतोय. मी म्हणालो, होऊ दे, तुझ्या आईला ऐकव.

मग सेटिंगमध्ये गेलो. सर्व उपकरणांवरून साइन आउट करा, असं एक बटण आहे. दाबलं. खूप बरं वाटलं. दार धाडकन लावल्यावर वाटतं तसं.

माझाही टीव्ही बाहेर गेला, ते नंतर लक्षात आलं. पण मला काय, ओटीपी माझ्याच फोनवर येतो. मी तो घालून आत येईपर्यंत दुसरा आला, न मागता. मग तिसरा. मंडईमागे कोणीतरी आत यायचा प्रयत्न करत होतं आणि चावी माझ्या खिशात येऊन पडत होती. मी फोन हातात घेऊन बसलो.

सव्वाचारला अनोळखी नंबरवरून फोन आला. तुळजा होती. महिन्याने आवाज ऐकला.

‘‘ओटीपी आलाय का?’’ म्हणाली.

मी विचारलं हात कसा आहे. ती म्हणाली, ‘‘ओटीपी सांगा.’’ आवाज शांत होता.

मी म्हणालो, घरी ये आणि घेऊन जा.

तिने फोन ठेवला. मी उलट लावला तर लागेना. पुन्हा लावला. एकवीस वेळा लावला. ती मला बंद करू शकते, एका बटणाने, हे तिला कोणी शिकवलं?

२० जून, शुक्रवार

मंडईत जाऊन येतो. बोलायला. पोती उचलायचा आकडा दारामागे असतो तो पिशवीत घेतला आहे. मे महिन्यात चौकीवाल्यांनी तो मागितला होता, मी सापडत नाही म्हणून सांगितलं होतं. कशासाठी घेतो आहे ते नीट सांगता येत नाही. रिकाम्या हाताने जायची सवय नाही.

२६ जून, गुरुवार

लॉकअप झालं, कोर्ट झालं, जामीन झाला. आता लिहितो.

शेफालीचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. चढेपर्यंत राग शमेल असं वाटलं होतं, पण प्रत्येक मजल्याला वाढत गेला. दार राकेशरावांनी उघडलं आणि लगेच लावू पाहिलं. मी खांद्याने ढकललं. दाराची कड त्यांच्या तोंडावर बसली, ओठ फाटला, शर्टावर रक्त. शेफाली किंचाळली. तिच्याकडे मी पाहिलंच नाही. आतून टीव्हीचा आवाज येत होता. खानावळीची मालिकाच. मी ओटीपी दिला नव्हता, तरी ती लावून बसली होती. राकेशरावांनी तिच्या नावाचं, तिच्या नंबरवरचं वेगळं खातं काढून दिलं होतं, हे मला चौकीत कळलं.

मी पिशवीतून आकडा काढला. तुळजा खुर्चीतून उठली आणि टीव्हीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. प्लास्टरचा हात पोटाशी. मागे सरकली नाही. बेचाळीस वर्षं मी पुढे आलो की ती मागे सरकायची, मला त्या अंतराची सवय आहे. काल ते अंतर आलंच नाही, म्हणजे परवा, म्हणजे त्या दिवशी.

ती म्हणाली, ‘‘हात लावून बघा. दुपारपास्नं चालू हाय.’’ आणि मग, ‘‘आज पुसला न्हाय.’’

मी आकडा टीव्हीत घातला. एकदा, दोनदा, मग मोजलं नाही. काच माझ्याही हातात घुसली. शेजारचे लोक धावले, मंडईतले दोन हमाल जिन्यावर होते त्यांनी मला खाली पाडून पाठीवर गुडघा ठेवला. फरशीवर गाल टेकलेला असताना मला तुळजाचे पाय दिसत होते. ती भिंतीपाशी गेली, डाव्या हाताने प्लग काढला आणि शेफालीला म्हणाली, ‘‘मागं हो, शॉक लागंल.’’ बस. त्या आवाजात रागही नव्हता.

आता खरं लिहितो, नाहीतर या वहीचा उपयोग काय. १९ मेला टीव्ही पडला नव्हता. मी रोजच्यापेक्षा अर्धा तास आधी आलो. दार उघडलं तेव्हा ती टीव्हीच्या मागे वाकलेली होती, हातात ओलं फडकं. मी विचारलं काय करतेस. ती म्हणाली, ‘‘पुसत होते.’’ मी पाठीला पंजा टेकवला. वर ओली होती आणि त्याखाली गरम. चार-पाच वर्षं ही बाई मला पाणी लावून फसवत होती. पहिला घाव टीव्हीवर घातला. दुसरा टीव्हीवर नव्हता.

लिहिल्यावर बरं वाटेल असं बाई म्हणाल्या होत्या. नाही वाटलं.

२७ जून, शुक्रवार

जामीन रणजितने दिला, त्यासाठी गाळा दोन दिवस बंद. आज सकाळी मी सवयीने रिमोट उचलला आणि त्याने माझ्या कानाखाली मारली. डोकं चौकटीवर आपटलं. उठायला गेलो तर गळा धरला. माझ्याच उंचीचा आहे, पंजाही माझ्यासारखाच रुंद.

‘‘आबा, टीव्हीला हात लावायचा न्हाय. याच्यापायी सगळं झालं. लावला तर मोडीन. टीव्ही न्हाय, तुम्हाला.’’

हे बाईंना कळवावं का, याचा विचार केला. मुलाची तक्रार कुठे करायची? आणि कानाखाली दिल्याने काही होत नाही, मी त्याला लहानपणी कमी दिल्या नाहीत.

३० जून, सोमवार

रणजित गाळ्यावर गेला की दुपारी लावतो. आवाज बारीक. ‘आई’ आता नाही. कोण पाहतंय विचारतो तिथे तीनच गोल आहेत. तिची सगळी यादी तिने आपल्याबरोबर नेली, तशी सोय असते म्हणे. ती कितव्या भागावर आहे हे कळायला आता मार्ग नाही.

मी चौतिसाव्यावर आहे. एकूण चाळीस. खुनी कोण ते तिला कळलं असेल, मलाही कळायला पाहिजे. तेवढं एक तरी आम्हा दोघांना सारखं माहीत असेल.

पाचला बंद करतो. पंखा टीव्हीकडे फिरवून ठेवतो.

३ जुलै, गुरुवार

डाव्या हाताने लिहितो आहे, उजवा कालपासून उचलत नाही, अक्षर वाईट येईल. रणजित गाळ्यावर गेला आहे.

काल शेवटचा भाग होता. तो मोठा निघाला, दीड तासाचा, आणि मधेच वायफाय गेलं. आलं तेव्हा सहा वाजून गेले होते. बंद करायला पाहिजे होता. पण खानावळीत ती बाई एकटी होती, दिवा लावून हिशोबाची वही मिटत होती आणि बाहेर पायरीवर कोणीतरी उभं होतं. एक पाऊल पुढे आलं असतं तर चेहरा दिसला असता.

तेवढ्यात खाली रणजितच्या गाडीचा आवाज आला. अर्धा तास आधी. मी टीव्ही बंद केला. माझ्या बोटाने तो माझ्या आधी बंद केला. बारीक लाल रेघ तिथेच थांबली असणार, शेवटाला बोटभर कमी. अकरा रेघा माझ्या डोळ्यांसमोर आल्या. प्रत्येक रेघेच्या टोकाला खाली माझी गाडी येऊन थांबली होती.

मी पाठीला हात लावला. चांगलीच गरम होती. पंख्याने काही होणार नव्हतं. मोरीत गेलो, फडकं भिजवलं, पिळलं, घाईत नीट पिळलं गेलं नाही. टीव्हीच्या मागे वाकून पुसत होतो, वरून खाली, पाणी मनगटावरून कोपरापर्यंत येत होतं. लिफ्टचं दार वाजलं. किल्ली फिरली.

रणजित बूट न काढता आत आला. माझ्याकडे पाहिलं नाही. सरळ टीव्हीपाशी गेला आणि पाठीवर पंजा टेकवला. मग विचारलं, काय करताय.

मी म्हणालो, पुसत होतो.